टीबीची गोळी, दारातली आशाताई आणि ८५ टक्क्यांचा हिशेब

मार्च महिना आला की आपल्याकडच्या पेपरांत एक फोटो हमखास दिसतो. सरपंच, ग्रामसेवक, आरोग्य केंद्राचे डॉक्टर, कडेला उभ्या आशाताई आणि मध्ये गांधीजींचा ब्राँझचा छोटा पुतळा. खाली ओळ असते, अमुक गाव टीबीमुक्त. मग चहाच्या टपरीवर कुणीतरी म्हणतंच, "टीबीमुक्त कुठलं? आमच्या गल्लीत दोघं अजून गोळ्या खात्यात की!"

म्हणणारा चुकत नाही आणि फोटोही खोटा नसतो. २०२३ पासून ग्रामपंचायतींना टीबीमुक्तीचं प्रमाणपत्र आणि हा पुतळा मिळतो, त्याच्या काही अटी आहेत. वर्षभरात हजार लोकांमागे किमान ३० संशयितांची तपासणी व्हायला हवी. सापडलेले रुग्ण हजारी एक किंवा त्याहून कमी हवेत. आणि उपचार घेतलेल्यांपैकी किमान ८५ टक्के रुग्णांचा उपचार यशस्वी व्हायला हवा. म्हणजे चार हजार वस्तीच्या गावात चार रुग्ण असले तरी गाव 'टीबीमुक्त' ठरू शकतं. शब्द जरा मोठा वापरलाय, हे मान्य करू. पण त्यातली ८५ टक्क्यांची अट नीट समजून घेण्यासारखी आहे, कारण गोळी, घर आणि दारात येणारी आशाताई हे सगळं त्या एका आकड्यात बसलेलं आहे.

बरं वाटतंय, मग सहा महिने कशाला?

उसाच्या सरीत हरळी माजली की नवखा माणूस वरवर खुरपून मोकळा होतो. रान आठ दिवस स्वच्छ दिसतं, शेजारी कौतुकही करतो. पण काश्या जमिनीतच असतात. पाणी पाजलं की हरळी परत हजर.

टीबीचं असंच आहे. पोटात सापडणारे नेहमीचे जंतू अनुकूल परिस्थितीत २० मिनिटांत दुप्पट होतात. टीबीच्या जंतूला तेवढ्यासाठी साधारण २० तास लागतात. हा मुळातच संथ गडी, त्यात काही जंतू फुफ्फुसात जवळजवळ झोपून राहतात. बहुतेक औषधं जंतू वाढत असताना त्याला गाठतात, झोपलेला सुटतो. पहिल्या काही आठवड्यांत जागे जंतू भराभर मरतात. खोकला कमी होतो, ताप जातो, भूक लागते. इथंच माणूस म्हणतो, "आता बरं वाटाय लागलंय." ते वाटणं खरंच असतं. रान वरून स्वच्छ झालेलं असतं.

म्हणून नेहमीच्या टीबीचा कोर्स दोन टप्प्यांचा असतो. पहिले दोन महिने चार औषधं: आयसोनियाझिड, रिफाम्पिसिन, पायराझिनामाइड आणि इथॅम्ब्युटॉल. पुढचे चार महिने पायराझिनामाइड वगळून उरलेली तीन. ही औषधं एकाच गोळीत एकत्र येतात, आणि रोज किती गोळ्या घ्यायच्या हे वजनावर ठरतं. ५० ते ६४ किलोच्या माणसाला रोज चार. रिफाम्पिसिनमुळे लघवी केशरी-लाल होते. ते रक्त नव्हे, पण आधी कुणी सांगितलं नसेल तर माणूस पहिल्याच दिवशी घाबरून गोळ्या टाकून देतो.

चार औषधं एकदम का, हा प्रश्न रास्त आहे. टीबीने फुफ्फुसात पोकळी पडली असेल तर त्या एका पोकळीत दहा कोटी जंतू असू शकतात. आयसोनियाझिडला मुळातच दाद न देणारा जंतू साधारण दहा लाखांत एक असतो. म्हणजे नुसतं आयसोनियाझिड दिलं तर दहा कोटींतले शंभरेक वाचतात आणि पुढची सगळी पिढी त्यांचीच होते. दोन औषधांना एकाच वेळी दाद न देणारा जंतू आपसूक तयार होणं मात्र जवळजवळ अशक्य. पण रुग्ण पंधरा दिवस गोळ्या घेतो, दहा दिवस सोडतो, पुन्हा चार दिवस घेतो, तेव्हा आपण स्वतःच या चिवट जंतूंना संधी देत असतो. आयसोनियाझिड आणि रिफाम्पिसिन या दोन्ही मुख्य औषधांना जुमानत नाही अशा टीबीला एमडीआर म्हणतात. त्याची औषधं वेगळी आणि जास्त त्रासदायक. शिवाय हा चिवट जंतू खोकल्यावाटे दुसऱ्याला जातो, तेव्हा त्या दुसऱ्याने एकही गोळी चुकवलेली नसते.

देखरेख हा प्रकार आला कुठून?

जुन्या माणसांना विचारा, मिरजेजवळच्या वानलेसवाडीचं नाव निघेल. टीबी झाला की सॅनिटोरियम, मोकळी हवा, दूध-अंडी, महिनोन्महिने मुक्काम. ज्यांना परवडायचं त्यांनी जायचं, बाकीच्यांनी घरीच खंगायचं.

१९५०च्या दशकाअखेर मद्रासमधल्या संशोधकांनी ही समजूत उलटवली. काही रुग्णांना सॅनिटोरियममध्ये ठेवलं, काहींना त्यांच्या दाटीवाटीच्या घरी तीच औषधं दिली. घरचे रुग्ण कमी विश्रांती घेत होते, साधंच खात होते. तरीही वर्षाअखेर दोघांचे निकाल जवळपास सारखे आले, आणि घरच्यांना लागण होण्याचं प्रमाणही जास्त आढळलं नाही. जगभरातली सॅनिटोरियमं ओस पडायला या अभ्यासाचा मोठा हातभार लागला.

पण घरी उपचार म्हटल्यावर नवा प्रश्न आला. वॉर्डात नर्स गोळी हातात देते, घरी कोण देणार? त्यातून कुणाच्या तरी देखत औषध घेण्याची पद्धत रुजली. १९९३ मध्ये जागतिक आरोग्य संघटनेने टीबी ही जागतिक आणीबाणी जाहीर केली आणि पुढे या पद्धतीला डॉट्स हे नाव मिळालं. भारतात त्याच वर्षी प्रयोग सुरू झाले, १९९७ पासून विस्तार झाला आणि २००६ पर्यंत सगळा देश त्याखाली आला.

डॉट्स म्हटलं की लोकांना आठवते ती समोर गिळायची गोळी. खरं तर ती पाच कलमांपैकी एक. बाकीची चार म्हणजे सरकारची बांधिलकी, थुंकीची खात्रीची तपासणी, औषधांचा अखंड पुरवठा आणि प्रत्येक रुग्णाची शेवटपर्यंत नोंद. त्या काळात रुग्णाच्या नावाचा एक खोकाच असायचा, त्यात पहिल्या गोळीपासून शेवटच्या गोळीपर्यंतचा सगळा कोर्स. हा खोका दुसऱ्या कुणाला द्यायचा नाही. मला या सगळ्या योजनेतली ती सर्वांत शहाणी गोष्ट वाटते. २०२४ च्या मार्चमध्ये औषधांचा तुटवडा पडला आणि केंद्राला राज्यांना 'स्थानिक पातळीवर खरेदी करा' असं सांगावं लागलं, तेव्हा तो खोका फार आठवला. आठवड्यातून तीनदा गोळ्या घ्यायची जुनी पद्धत बदलून २०१७ पासून देशभर रोजच्या गोळ्या आल्या.

८५ टक्के मोजतात कसे?

समजा कोल्हापूरच्या मध्यवर्ती बसस्थानकावरून पुण्याला एसटी सुटली. चढले शंभर. पुण्यात उतरले किती, एवढाच प्रश्न. एका तिमाहीत उपचार सुरू केलेले सगळे रुग्ण म्हणजे या एसटीतले प्रवासी. त्यांचा निकाल कोर्स संपल्यावर लागतो. म्हणून आज जाहीर होणारा यशदर आजच्या रुग्णांचा नसतो, जुन्या फेरीचा असतो.

पोचलेल्यांतही दोन जाती. ज्याच्या थुंकीत सुरुवातीला जंतू सापडले होते आणि शेवटी तपासणीत ते नाहीत असं सिद्ध झालं, तो 'बरा झाला'. ज्याने सगळ्या गोळ्या संपवल्या, तब्येत बिघडल्याचं कुठलं लक्षण नाही, पण शेवटची थुंकी तपासलेली नाही किंवा तपासता येण्यासारखी नव्हती, त्याचा 'उपचार पूर्ण झाला'. मणक्याचा किंवा गाठींचा टीबी असेल तर थुंकी कुठून आणणार? या दोघांची बेरीज म्हणजे यश. खोकल्याचा रुग्ण असताना पहिल्या जातीत कमी आणि दुसऱ्या जातीत जास्त अशी यादी दिसली, तर मी तरी विचारीन की शेवटी बेडका तपासायचा कंटाळा कुणी केला.

न पोचलेल्यांतले पहिले म्हणजे अपयशी, ज्यांच्या थुंकीत कोर्सच्या अखेरीसही जंतू सापडले. दुसरे मृत्यू पावलेले. इथं कारण बघत नाहीत. उपचार चालू असताना रुग्ण हायवेवर अपघातात गेला तरी तो याच खात्यात. तिसरे म्हणजे ज्यांचा उपचार सलग महिनाभर किंवा त्याहून जास्त तुटला. पूर्वी यांना 'डिफॉल्टर' म्हणायचे, कर्ज बुडवल्यासारखं. आता 'पाठपुराव्यातून सुटलेले' म्हणतात. शब्द बदलला तो बरं झालं, कारण नव्या शब्दात विचारायला जागा आहे की सुटला की आपण सोडला? ज्यांचा निकालच कुणी लिहिला नाही, ते चौथे. आणि मध्येच एमडीआर निघाला तर त्या रुग्णाची नोंद वेगळ्या यादीत जाते.

यातली मेख अशी की एसटीत जे चढलेच नाहीत, ते या हिशेबात नाहीत. टीबीचं निदान झालं, पण औषध सुरू व्हायच्या आधीच माणूस गायब झाला, तर यशदराला धक्का लागत नाही.

दुसरी मेख लहान आकड्यांची. चार रुग्णांच्या गावात तिघे बरे झाले तर यशदर ७५ टक्के, म्हणजे पुतळा गेला. चारांतून ८५ टक्के गाठायचे तर चारही जण पोचायला हवेत. सात रुग्ण असतील तरच एकाची सूट मिळते. शहराच्या किंवा जिल्ह्याच्या शेकड्यांच्या हिशेबात ८५ टक्के काही सांगतात. गावात तो आकडा एका म्हाताऱ्या माणसाच्या मधुमेहावर हलतो. अशा वेळी 'आमच्यात रुग्णच नाही' म्हणण्याचा मोह होणार, हे उघड आहे. हजारी ३० तपासण्यांची अट त्यासाठीच आहे. शोधलंच नाही म्हणून सापडलं नाही, असं चालत नाही.

कुणासमोर गोळी खायची म्हणजे अविश्वासच ना?

हा आक्षेप जुना आहे आणि त्यात दम आहे. पाकिस्तान आणि दक्षिण आफ्रिकेत याची रीतसर तुलना झाली. काही रुग्णांना आरोग्य कर्मचाऱ्यासमोर गोळी, काहींना घरी आपली आपण. निकालात म्हणण्यासारखा फरक पडला नाही. थायलंडमध्ये मात्र देखरेखीचा गट सरस ठरला. सगळ्या चाचण्या एकत्र पाहिल्या तर नुसतं गिळताना बघितल्याने यश वाढतं असं छातीठोक म्हणता येत नाही.

मग डॉट्स आल्यावर निकाल सुधारले ते कशामुळे? मी जे वाचलं आणि आसपास पाहिलं त्यावरून माझं मत असं की गिळताना बघणं ही त्यातली सर्वांत कमी महत्त्वाची गोष्ट आहे. गोळी चुकल्यापासून दारावर थाप पडेपर्यंत किती दिवस जातात, सगळं त्यावर आहे. दुसऱ्या दिवशी कुणी विचारलं, "काका, काल आला नाहीत, उलटी झाली का?" तर काका परत येतात. पंचविसाव्या दिवशी कुणी विचारलं तर काका घरीच नसतात.

म्हणून आता देखरेख लवचीक झालीय. आशाताई किंवा अंगणवाडीताईच हवी असं नाही, घरातलं माणूसही चालतं. गोळ्यांच्या पाकिटात लपवलेल्या नंबरवर मिस्ड कॉल देऊन हजेरी लावायची सोयही मध्यंतरी होती. मात्र मिस्ड कॉल गोळी न खाताही देता येतो, आणि सासूसमोर सून गोळी मागायला लाजते, हेही खरं. उपचाराला साथ देणाऱ्या माणसाला साध्या टीबीचा कोर्स पूर्ण झाल्यावर एक हजार रुपये मानधन मिळतं. सहा महिन्यांनी भागा, दिवसाला साडेपाच रुपये पडतात. एवढ्यात कटिंग चहाही येत नाही.

मग गोळी चुकते कशाने?

आळसाने चुकते असं ज्याला वाटतं, त्याने इचलकरंजीत यंत्रमागाच्या रात्रपाळीला एक आठवडा काढावा. सकाळी आठला सुटून आलेला माणूस उपाशीपोटी चार गोळ्या घेतो, त्याला मळमळतं, तो झोपतो. केंद्र उघडं असतं तेव्हा तो झोपेत, तो जागा होतो तेव्हा केंद्र बंद. शिरोलीच्या फौंड्रीतल्या कामगाराचा प्रश्न आणखी वेगळा. वाळूच्या बारीक धुळीने फुफ्फुस आधीच खराब झालेलं असतं आणि अशा फुफ्फुसात टीबी सहज घर करतो. तो बरा होऊन परत त्याच धुळीत जातो.

ऊसतोडीच्या टोळ्यांचं गणित तर सरळ वजाबाकीचं आहे. बीडकडची कुटुंबं ऑक्टोबर-नोव्हेंबरात येतात, मार्चच्या आसपास परततात. हंगाम पाच महिन्यांचा, कोर्स सहा महिन्यांचा. शिरोळमधल्या कोपीत, म्हणजे टोळीच्या झोपडीत, निदान झालेला रुग्ण इथं कोर्स पुरा करूच शकत नाही. त्याची नोंद 'निक्षय' या सरकारी प्रणालीवर असते आणि तो गेला त्या तालुक्याकडे ती बदलून देता येते. कागदावर हे सोपं आहे. प्रत्यक्षात मुकादम रात्रीत टोळी हलवतो, बाईचा फोन नवऱ्याकडे असतो आणि तो रिचार्ज संपल्याने बंद असतो. कारखान्याच्या शेतकी खात्याकडे टोळ्यांची यादी असते. ती यादी आणि आरोग्य केंद्राची यादी हंगाम संपण्याआधी एकदा शेजारी ठेवली, तरी बरेच रुग्ण सुटायचे वाचतील असं मला वाटतं.

औषधांचा त्रासही खरा असतो. मळमळ आणि सांधेदुखी बऱ्याच जणांना होते. हातापायाला मुंग्या आल्या तर बी-६ ची गोळी देतात. पण डोळे पिवळे झाले, सारख्या उलट्या होऊ लागल्या किंवा नजर अंधुक झाली तर लगेच डॉक्टर गाठायचा, कारण ही औषधं यकृताला आणि एक औषध डोळ्याच्या नसेला बाधू शकतं. "पित्त हुतंय" म्हणून मनानेच गोळ्या सोडणाऱ्यांपैकी किती जणांना खरंच कावीळ झालेली असते, हे तपासल्याशिवाय कळत नाही. दारूने हाच धोका वाढतो, आणि दारू पिणाऱ्याला गोळी देणारीच शिव्या खाते.

आणि लाज. मुलीचं लग्न ठरायचंय, घरात टीबी आहे हे कळायला नको. मग आशाताईंनी दारात येऊ नये, बाजारात भेटावं. हे समजण्यासारखं आहे, आणि तशी सोय करणाऱ्या ताया मी पाहिल्या आहेत. भाजीच्या पिशवीतून पाकीट जातं. वास्तविक योग्य औषध नीट चालू झालं की साधारण दोन आठवड्यांत बहुतेकांकडून लागण होण्याचा धोका खूपच कमी होतो. वर्षानुवर्षं ताट-वाटी वेगळी ठेवायचं काही कारण नाही. टीबी भांड्यातून पसरत नाही, हवेतून पसरतो.

खाण्याचा संबंध किती?

मद्रासच्या अभ्यासाने दाखवलं होतं की औषध नीट घेतलं तर साध्या जेवणावरही जंतू मरतात. त्यावरून बरीच वर्षं आहाराकडे दुर्लक्ष झालं. २०२३ मध्ये झारखंडमधल्या एका मोठ्या अभ्यासाचे निकाल आले. तिथं २८०० रुग्णांना शिधा दिला होता. पहिल्या दोन महिन्यांत ज्यांचं वजन पाच टक्क्यांनी वाढलं, त्यांच्यात मृत्यूचा धोका सुमारे ६१ टक्क्यांनी कमी आढळला. घरच्यांनाही शिधा दिलेल्या कुटुंबांत नवे टीबी रुग्ण ३९ टक्क्यांनी कमी झाले. दोन्ही अभ्यास आपापल्या जागी बरोबर आहेत. जंतू गोळीने मरतो. पण ३५ किलोचा माणूस जंतू मरेपर्यंत तग धरेल का, हे ताटावर ठरतं.

निक्षय पोषण योजनेत रुग्णाला महिन्याला ५०० रुपये मिळायचे, नोव्हेंबर २०२४ पासून १००० मिळतात. बँक खातं आधारला जोडलेलं नसेल तर पैसे अडकतात, तेव्हा ते पहिल्याच आठवड्यात तपासून घ्यावं.

खासगी डॉक्टरकडे गेलं तर?

जाऊ शकता. औषधं तीच आहेत. २०१२ पासून प्रत्येक टीबी रुग्णाची नोंद सरकारला कळवणं खासगी डॉक्टरांनाही बंधनकारक आहे आणि २०१४ पासून औषध दुकानदाराला या गोळ्यांची वेगळी वही ठेवावी लागते. डॉक्टरला दोनच प्रश्न विचारा. माझी नोंद झाली का? आणि सुरुवातीलाच सीबीनॅट किंवा ट्रूनॅट करणार का? या तपासण्या काही तासांत टीबी आहे का हे सांगतात आणि रिफाम्पिसिन चालेल का, तेही सांगतात. हे न बघता सहा महिने गोळ्या घेणं म्हणजे गाडीत तेल आहे का हे न बघता घाट चढणं.

निकाल लागल्यावर काय?

'यशस्वी' असा शेरा बसला की खातं बंद, असं बहुतेकांना वाटतं. पण काही जणांना टीबी पुन्हा होतो. कधी आत राहिलेला जंतू उठतो, कधी नवी लागण होते. तंबाखू, दारू, मधुमेह, कमी वजन आणि तीच कोंदट खोली असेल तर शक्यता वाढते. म्हणून कोर्स संपल्यावर सहा, बारा, अठरा आणि चोवीस महिन्यांनी तपासणी सांगितलेली आहे. यशदरात ही दोन वर्षं मोजली जात नाहीत आणि त्यांचा पुतळाही मिळत नाही, त्यामुळे गळती इथंही होते.

कोर्स संपलेल्या दिवशीच पुढच्या चारही तारखा घरातल्या कॅलेंडरवर लिहून घ्या. दुसऱ्या वर्षाचं कॅलेंडर अजून छापलेलं नसेल तर गोळ्यांच्या रिकाम्या पाकिटामागे लिहा आणि ते पाकीट रेशनकार्डात ठेवा, घरातला तेवढा एकच कागद कुणी टाकून देत नाही.